उभा आणायचा, उभा ठेवायचा

फिटरकाका पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा चहा घ्यायच्या आधी त्यांनी खिशातून एक हिरवी काचेची गोटी काढली आणि माझ्या नव्या ओट्यावर ठेवली. ओटा बांधून जेमतेम चार दिवस झाले होते. काळा कडप्पा, स्टीलचं सिंक, सगळं माझ्या कमाईचं. त्यात माहेरचं काही नव्हतं आणि सासरचंही नव्हतं. गोटी क्षणभर थांबली, मग हळूहळू निघाली आणि मागच्या भिंतीला जाऊन टेकली.

"ओटा भिंतीकडं पडतोय गो," काका म्हणाले. "पाणी सगळं भिंतीत मुरंल."

माझं डोकं फिरलं. मी त्यांना धंद्याचं बोलायला बोलावलं होतं, घर तपासायला नाही. ओटा मस्त आहे, शहापुरातल्या चांगल्या गवंड्याने केलाय, असं मी त्यांना सुनावलं. त्यांनी गोटी उचलून खिशात टाकली आणि चहा बशीत ओतला. ते गेल्यावर मी डब्यातला एक वाटाणा काढून ओट्यावर ठेवला. तोही भिंतीकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी माझ्या दारात होता आणि संध्याकाळपर्यंत अख्खा ओटा उखडून पुन्हा बसवत होता, फुकटात. फिटरकाकांना मात्र मी हे कधी सांगितलं नाही. मला गोष्टी न सांगता ठेवायची सवय होती, आणि त्या माणसाला न विचारता राहण्याची सवय नव्हती. आमचं जे काही बिनसलं ते तिथेच बिनसलं.

या माणसाने माझ्यावर एक अन्याय केला आहे. तो मी विसरलेली नाही आणि हे लिहिते आहे म्हणून विसरेन असंही नाही. पण माझ्या आयुष्यात ज्या माणसांकडून मी काही शिकले त्यांची नावं घ्यायची झाली तर पहिलं नाव त्यांचंच घ्यावं लागेल. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मी सापगावची. सुरुवातीला माहुलीच्या पायथ्याशी एक बाकडं टाकून गडावर जाणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी विकायचे. नव्वदनंतर मुंबईची माणसं सुट्टीला डोंगराकडे यायला लागली. त्यांना तंबूत झोपायचं असे, पण जेवण घरच्यासारखं हवं असे. मी भिवंडीहून जुनी ताडपत्री आणली, तंबू शिवून घेतले, गाद्या भरून घेतल्या, आणि शहापूर-मुरबाडच्या रानात शाळांचे, कंपन्यांचे कॅम्प लावायला लागले. सगळं जमत होतं, एकच गोष्ट जमत नव्हती. गार ठेवणं. जिथे कॅम्प लागत तिथे वीज नसे. बर्फाची लादी भुशात, गोणपाटात गुंडाळून न्यावी तरी मे महिन्यात दुपारपर्यंत तिचं पाणी होई, आणि त्या पाण्यात दुधाच्या पिशव्या तरंगत. दूध, दही, चिकन, लोणी जपता येत नव्हतं, म्हणून मला एका दिवसाचेच कॅम्प मिळत. मोठे, चार-चार दिवसांचे कॅम्प दुसऱ्यांकडे जात.

अशात कोणीतरी सांगितलं की भातसानगरच्या वसाहतीत धरणावरचा एक फिटर आहे, त्याच्याकडे गॅसवर चालणारा फ्रिज आहे. मला ती थाप वाटली. गॅसवर चहा होतो, बर्फ कसा होईल?

तो फ्रिज म्हणजे एक पांढरी पेटी होती. आंब्याच्या दोन पेट्या एकावर एक ठेवल्या तर होईल एवढी, वर झाकण, दोन बाजूंना कड्या. मोटर नाही, पंखा नाही, आवाज नाही. मागच्या बाजूला वळणावळणाच्या नळ्या आणि खाली एका छोट्या दाराआड करंगळीएवढी निळी ज्योत. रबरी नळीने छोटं सिलेंडर जोडायचं, ज्योत लावायची, आणि त्या आगीवर पेटीच्या आत गारवा धरायचा. धरणाच्या कामावर म्हणे एक परदेशी माणूस तंबूत राहायला होता. जाताना त्याने तो बंद पडलेला फ्रिज टाकून दिला. काका तेव्हा तरुण होते. त्यांनी तो खोलीवर आणला आणि तीन दिवस उलटा करून ठेवला, पाय वर, झाकण खाली. चौथ्या दिवशी तो चालू झाला. हे असं का झालं ते काका सांगत. नळ्यांत काहीतरी औषधी पाणी असतं, ते उकळतं, वर जातं, थंड होऊन खाली येतं, कुठे अडकलं तर उलटं करून मोकळं करायचं. मला त्यातलं निम्मं कळलं. पण एक पक्कं कळलं, की पाणी खाली यायचं तर पेटी सरळ उभी हवी. तिरकी झाली की खेळ खलास.

म्हणून ती गोटी. फ्रिज कुठेही नेला की काका आधी जमिनीवर दगडं लावत, त्यावर फळी, फळीवर फ्रिज, आणि झाकणावर गोटी. गोटी हलली की कागदाची घडी एका पायाखाली. पुन्हा गोटी. कधी कधी यात तासभर जाई. गोटी थांबली की मगच काडी पेटवत. मग पोटावर आडवे होऊन दाढीच्या गोल आरशात ज्योत बघत. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर काढून साफ, निळी दिसली तर उठून गुडघे झाडत आणि म्हणत, "आता याला सोडा. उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाय."

त्यांचे नियम होते आणि ते कोणासाठीही बदलत नसत. फ्रिज आदल्या दिवशी लावायचा, आत नुसत्या पाण्याच्या बाटल्या ठेवून. माल आधी गार असेल तरच आत जाईल. "हा गार करत नाय, गार ठेवतो," हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. फ्रिज तंबूत नाही, झोपडीत नाही, झाडाखाली उघड्यावर, आणि सावली सरकेल तसं ओलं गोणपाट सरकवायचं. झाकण दिवसात दोनदाच उघडायचं, सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला. कोणी कुरकुरलं की म्हणत, "घाई आसंल तर बर्फ घे."

एकदा मीच शहाणपणा केला. सिलेंडर गार राहावं म्हणून माणसाला सांगून एक खड्डा खणून घेतला. काकांनी खड्डा बघितला आणि मला हाताला धरून बाजूला नेलं. "गॅस पाण्यासारखा असतो बाय. जड. सांडला की खाली जाऊन बसतो. या खड्ड्यात साचंल, नि कोणीतरी बिडी पेटवंल." ओरडले नाहीत. खड्डा मात्र स्वतः बुजवला, आणि वर पाय देऊन दाबला.

फ्रिजची ने-आण हा तर सोहळाच होता. "उभा आणायचा, उभा न्यायचा, उभा ठेवायचा," हा मंत्र. एसटीने न्यायचा झाला तर काका त्याचं वेगळं तिकीट काढत, खिडकीजवळ बसवत आणि काकींच्या जुन्या लुगड्याने सीटला बांधत. कंडक्टर म्हणाला, "काका, पेशंट आहे काय?" तर म्हणाले, "पेशंट झोपून जातो. हा झोपला तर मरंल." मुरबाडच्या बाजूला एका वाडीपर्यंत रस्ता नव्हता, तिथे दोन माणसांनी बांबूला झोळी करून तो डोंगर चढवला, आणि काका पुढे उलटे चालत, सगळा वेळ फ्रिजकडे बघत. वाडीतल्या बायका बघायला जमल्या. एका म्हातारीने खालच्या ज्योतीजवळ हात नेला, चटका बसला तसा मागे घेतला, मग काकांनी झाकण उघडून तोच हात आत घालायला लावला. म्हातारी हसत सुटली. "आमच्या म्हाताऱ्यासारखाच हाय रे ह्यो," ती म्हणाली, "भायेर पेटलेला नि आत समदा थंडा!" काका त्या दिवशी पोट धरून हसले. मी त्यांना तसं हसताना दोनदाच पाहिलं, त्यातली ही एक वेळ.

आणि गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या घरात वापरायला फ्रिज नव्हता. वसाहतीच्या खोलीत वीज होती, पण पाणी माठातलं. काकी मला म्हणाल्या, "माझं दूध रोज नासतं गो, तिकडं लक्ष नाय. रानात जाऊन लोकांचं दूध राखत्यात." काका म्हणाले, "लाइटवर कोण पण गार ठेवंल. त्यात काय हाय?"

भाड्याने मी त्यांना आणि फ्रिजला एकत्रच घ्यायचे. फ्रिज एकटा मिळत नसे. मी घासाघीस करणारी बाई, पण काका घासाघीस करतच नसत. मी सांगितलेल्या भावाला सरळ "बरं" म्हणत. मला राग येई. ज्याच्याशी भांडता येत नाही अशा माणसाशी व्यवहार करणं फार अवघड असतं.

आता ती गोष्ट.

मुंबईच्या एका मुलींच्या शाळेने मला चार दिवसांचा कॅम्प दिला. माझा पहिला मोठा कॅम्प. साठ मुली, आणि तो नीट झाला तर त्याच सुट्टीत आणखी तीन तुकड्या. त्या तुकड्या मिळाल्या असत्या तर मी खऱ्या अर्थाने धंद्यात उभी राहिले असते. जागा मुरबाडच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. नेमकं त्या वेळी शेणव्याला काकांच्या पुतणीचं लग्न निघालं. काका म्हणाले, "मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतो. तोवर बर्फावर भागव. फ्रिज मी आल्यावर लावू." मी काकींकडून फ्रिज आधीच मागून घेतला. मला वाटलं, इतक्या वेळा बघितलंय, मला काय जमत नाही?

टेम्पोवाला दोन फेऱ्या म्हणत होता. मी त्याला एका फेरीवर आणलं. त्याला एका फेरीवर आणलं याचा मला फार आनंद झाला होता. तंबू, गाद्या, भांडी, तांदळाची पोती, सगळं रचलं. फ्रिज उभा राहायला जागाच उरली नाही. मी तो दोन गाद्यांच्या मधे आडवा ठेवला. मऊ होतं, धक्का लागणार नव्हता. पोचल्यावर उभा केला, फळीवर ठेवला, ज्योत लावली आणि तासाभरात दहा किलो चिकन दही-मसाला लावून आत भरलं. बाजूला दुधाच्या पिशव्या कोंबल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलींना चिकन द्यायचं होतं, तो वारच ठरलेला होता.

संध्याकाळी झाकण उघडून हात घातला. गार वाटलं. खरं सांगायचं तर मला गार वाटायला हवं होतं. सकाळी पुन्हा उघडलं तेव्हा थोडासा वास आला. मी स्वतःला सांगितलं, मसाल्याचा आहे. लिंबू पिळू, आच मोठी ठेवू, काही होत नाही. साठ मुली समोर पटांगणात रांगेत उभ्या राहून व्यायाम करत होत्या आणि मी हे मनात म्हणत होते. आज हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

तेवढ्यात काका आले. पहिल्या एसटीने फाट्यावर उतरून, पुढे चालत. लग्नातला फेटाही अजून पिशवीत होता. ते तडक फ्रिजजवळ गेले, झाकणावर गोटी ठेवली. गोटी थांबली, फळी मी नीट लावली होती. मग पोटावर आडवे झाले, मागचं दार उघडून आरशात बघितलं. ज्योत निळी होती, मला माहीत होतं. पण ते बराच वेळ बघत राहिले. मग उठून बसले.

"काय गो," ते हळू आवाजात म्हणाले, "आडवा आणलास?"

"नाय," मी म्हटलं. "उभाच आणला."

"नक्की?"

"तुमचा विश्वास नसंल तर टेम्पोवाल्याला विचारा."

टेम्पोवाला कधीच निघून गेला होता. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग झाकण उघडलं, एकदाच श्वास घेतला आणि झाकण लावलं. "बरं," म्हणाले. मग वाडीतल्या दोन माणसांना हाक मारून पटांगणामागे कमरेइतका खड्डा खणायला लावला आणि दहा किलो चिकन त्यात पुरलं. दूध वर ओतलं. मी मधे पडले, ओरडले, माझा माल आहे म्हटलं. काका माती ओढत राहिले.

आरडाओरडा ऐकून शाळेचे सर आले. "काय झालं?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. "सर, फ्रिज बिघडला हो. मशीनचं काय सांगता येतं? दुपारच्या जेवणाची मी दुसरी सोय करते."

आणि काका म्हणाले, "फ्रिजला कायच झालेलं नव्हतं सर. आणताना चुकी झाली. चिकन नासलं, ते पुरलं. पोरींच्या पोटात जाऊ दिलं नाय."

"चूक कोणाची?" सरांनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. ते थांबले. मला आता वाटतं ते बराच वेळ थांबले होते. मी जमिनीकडे बघत होते.

"आणणाऱ्याची," काका म्हणाले.

हा तो अन्याय. ते म्हणू शकले असते, फ्रिज जुना आहे. पत्र्याच्या पेटीची कसली आलीय इज्जत? पण त्यांनी पेटीची इज्जत राखली आणि माझी सगळ्यांसमोर काढली. माझी माणसं, वाडीतली माणसं, सर, आणि मागे कुजबुजणाऱ्या मुली.

दुपारी वाडीतल्या बायकांनी भाकऱ्या भाजल्या, मी पिठलं टाकलं, कैरीची चटणी वाटली. मुली पोटभर जेवल्या. काकांनी सिलेंडर काढून फ्रिज उलटा केला आणि झाडाखाली ठेवला. मुली जमल्या.

"काका, हा डोक्यावर का उभा आहे?"

"शीर्षासन करतोय. त्याच्या डोक्यात कायतरी अडकलंय, ते मोकळं होतंय."

"कधी मोकळं होणार?"

"त्याला वाटंल तवा," काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी हातातला डाव फेकून मारला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिज सरळ केला, दिवसभर तसाच ठेवला, संध्याकाळी ज्योत लावली. शेवटच्या दिवशी पाणी गार, काकडी गार, आणि मी फाट्यावरून आणवलेलं ताक इतकं गार की मुलींच्या दातांना कळ गेली. सरांनी आत हात घालून बघितला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या तीन तुकड्या तुम्हालाच देतो. पण एक अट. हे काका असले पाहिजेत. खरं सांगणारा माणूस बरोबर असला की आम्ही निर्धास्त असतो."

कॅम्प माझा, तंबू माझे, घाम माझा, आणि भरवसा त्यांच्यावर. मी हो म्हटलं. धंद्यात हो म्हणावं लागतं. 

त्यानंतर आठ वर्षं आम्ही एकत्र काम केलं. माझा धंदा वाढला. शहापुरात माझं ऑफिस झालं. आणि आठही वर्षं मला एकच गोष्ट हवी होती, तो फ्रिज. माझा स्वतःचा, काकांशिवाय. दरवर्षी दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन जायचे आणि सौदा मांडायचे. एका वर्षी नवी मोपेड. एका वर्षी रंगीत टीव्ही. एका वर्षी काकींना शिलाई मशीन, काकी मागून डोळ्यांनी खुणावत होत्या, घेऊन टाका. काका चिवडा खात ऐकून घ्यायचे.

"मला काय नको गो," ते म्हणायचे. "फ्रिज तुला फुकट देतो. एकच सांग. त्या दिवशी कसा आणला व्हतास?"

"उभा."

"बरं. मग ऱ्हाऊ दे."

एवढंच. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एकदा तर मी डबा तिथेच टाकून तरातरा निघून आले. मला मोपेड द्यायला जड नव्हती. तो एक शब्द द्यायला जड होता. एका फेरीत माल बसवला म्हणून मी टेम्पोवाल्यासमोर मिरवले होते. तो सौदा वाईट होता असं मी कसं म्हणू?

मधे एकदा मात्र मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. भातसाच्या पाण्याकाठी एका कंपनीचा कॅम्प होता. मोठे साहेब दुपारी दोनला ग्लास घेऊन आले आणि म्हणाले, बाटल्या काढा. काका फ्रिजच्या झाकणावर बसले होते.

"पाचला, साहेब."

"तुम्हाला माहीत आहे मी कोण आहे?"

"व्हय. तुमी साहेब. पाचला."

साहेबांनी आधी पैसे दाखवले, मग आवाज चढवला, मग मला बोलावलं. कंत्राट माझं होतं. मी तोंड उघडलं काकांना उठा म्हणायला, आणि बाहेर आलं ते वेगळंच. "साहेब, आत तुमच्याच लोकांचं रात्रीचं जेवण आहे. ते नासलं तर उद्या तुम्ही मलाच विचाराल." पाच वाजता काका उठले. झाकण उघडलं. आत चिकन, लोणी, दूध. बाटली एकही नाही. बाटल्या त्यांनी फ्रिजमधे घातल्याच नव्हत्या, सकाळीच ओल्या पोत्यात घालून ओढ्यात ठेवल्या होत्या. "गरम बाटल्या आत घातल्या तर समदं गरम व्हतं," ते म्हणाले. मग ओढ्याकडे बोट दाखवलं. साहेब आधी लाल झाले आणि मग हसायला लागले. काका पोट धरून हसले ती दुसरी वेळ.

पुढे काकांचे गुडघे गेले. नोकरी आधीच संपली होती, खोली सुटली होती, शेणव्याला राहत होते. नाशिकहून मुलगी आली आणि दोघांना घेऊन गेली. फ्रिजही गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधे, जिथे स्वयंपाकघरात विजेचा मोठा फ्रिज आहे, तिथे बाल्कनीत गॅसचा फ्रिज! मी जळफळले. एकदा त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "ओटा कसा हाय?"

"बरा आहे," मी म्हटलं. ओटा पुन्हा बांधून घेतला हे तेव्हाही सांगितलं नाही.

त्यानंतर वर्षभरात ते गेले. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

महिन्याने एका सकाळी माझ्या अंगणात टेम्पो थांबला. नाशिकचा. ड्रायव्हरने चिठ्ठी दिली, काकांच्या मुलीच्या हातची. बाबांनी सांगितलं होतं की फ्रिज शहापूरच्या बाईंकडे पोचवा, एवढंच. मागे ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार पांढरी पेटी उतरवत होते. उतरवली तेव्हा उभी होती. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "आडवा आणलात का?"

"नाय हो ताई," ड्रायव्हर म्हणाला. "उभाच आणला."

मी घरात गेले, नवऱ्याचा दाढीचा आरसा आणला आणि पन्नाशीची बाई अंगणात पोटावर आडवी झाले. मागचं छोटं दार उघडलं. ते दार मी फार तर ज्योत लावायला उघडलं होतं, आत वाकून कधी बघितलं नव्हतं. आरसा आत धरला. बर्नरपासून वीतभर अंतरावर, अगदी कोपऱ्यात, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं खोलगट झाकण एम-सीलने चिकटवलेलं होतं. झाकण रिकामं होतं. एक गोटी पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला पडली होती. हिरवी, खिशातल्या गोटीची जोडीदार.

मला समजायला थोडा वेळ लागला. पेटी उभी असेपर्यंत, कितीही खड्डे लागू देत, गोटी त्या झाकणात बसून राहणार. पेटी आडवी झाली की बाहेर पडणार आणि पुन्हा आत जाणार नाही. त्या सकाळी मुरबाडला ते आरशात ज्योत बघत नव्हते. त्यांना विचारण्याआधीच माहीत होतं. सरांसमोर थांबले तेव्हा माहीत होतं. आठ दिवाळ्या माहीत होतं. ते मला विचारत नव्हते, वाट बघत होते.

मी उठले. कपडे झाडले. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावरचे भाव मला ओळखीचे होते, कारण ते माझे होते. रागाची एक सणक डोक्यात गेली. शिव्या ओठांवर आल्या होत्या. बाहेर आलं ते असं:

"मी पण आडवाच आणला होता."

"काय ताई?"

"दोन गाद्यांच्या मधे. एका फेरीत बसवला. दहा किलो चिकन पुरावं लागलं."

ड्रायव्हरने जोडीदाराकडे बघितलं. मग मान खाजवली. "कसाऱ्याच्या घाटात लय हलत होता ताई," तो म्हणाला. "म्हणून जरा झोपवला."

त्याने पाच मिनिटांत सांगून टाकलं. मला आठ वर्षं जमलं नव्हतं. आणि तरी माझा राग आहेच. ते एकदा तरी म्हणू शकले असते, बाय, आत गोटी आहे. म्हणाले नाहीत. ज्याला ऐकवायचं तो माणूस गेल्यावर मला ते एका टेम्पोवाल्याला सांगावं लागलं, हे मी त्यांना माफ करणार नाही.

मी गोटी काढून पदराच्या टोकाला बांधली. दोघांना सांगून फ्रिज झाडाखाली नेला आणि उलटा करून ठेवला, पाय वर. ते चक्रावून बघत राहिले.

"ताई, लावून तरी बघा ना," ड्रायव्हर म्हणाला. "गार होतो का तेवढं कळलं की आम्ही मोकळे. तिकडं सांगायला बरं."

"आज नाही. परवा लावणार. गार झालेला दिसेल तेरवा."

"एवढे दिवस?"

"घाई आसंल तर बर्फ घे," मी म्हटलं, आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले.